३.६३ वर अडकलेला व्हिटा

पार्श्वभूमी

२०१८ च्या दिवाळीला अनुजाचा मामा टोकियोहून पुण्याला आला, तो स्वतःचा जुना प्लेस्टेशन व्हिटा, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, भाचीसाठी घेऊन. (अनुजा हे नाव बदललेलं आहे.) मामा निशी-कासाईत राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग. संगणक क्षेत्रातल्या भारतीय कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे. ऑफिसला जाता-येता रेल्वेत खेळायला म्हणून त्याने व्हिटा घेतला होता. मग घरात बाळ आलं, खेळणं सुटलं, आणि २०१६ संपता संपता यंत्र जे खणात गेलं ते या दिवाळीलाच बाहेर निघालं.

यंत्र पीसीएच-२००० होतं, म्हणजे व्हिटाचं पातळ मॉडेल. डिसेंबर २०११ मध्ये जपानात आलेल्या मूळ पीसीएच-१००० ला ओएलईडी पडदा होता. पातळ मॉडेलला एलसीडी आहे, चार्जिंगला साधी मायक्रो यूएसबी केबल चालते आणि आत १ जीबी साठवण आहे. सोबत सोनीचं ८ जीबीचं मेमरी कार्ड होतं. व्हिटाला बाजारातलं मायक्रोएसडी चालत नाही, सोनीचंच खास कार्ड लागतं, आणि ती कार्डं कायम अवाच्या सवा महाग राहिली. पुढच्या निर्णयांत या कार्डाचा बराच हात आहे.

अनुजा तेव्हा पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला खेळण्यापेक्षा खेळ लिहिण्यात रस. सी भाषेत तिने एक छोटा मराठी शब्दखेळ लिहायला घेतला होता आणि तो खऱ्या बटणांच्या यंत्रावर चालवायचा होता. व्हिटासाठी हौशी लोकांनी तयार केलेला व्हिटाएसडीके हा मुक्त साधनसंच तिने लॅपटॉपवर बसवूनही ठेवला होता. पण सोनीची सही नसलेला कोणताही प्रोग्राम व्हिटा मुळात चालवत नाही. तो चालायला यंत्र हॅक करावं लागतं, आणि ते करता येईल की नाही हे आत फर्मवेअरची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, कोणती आवृत्ती आहे यावर ठरतं.

मामाचा सल्ला साधा होता: "अगं, दोन वर्षं बंद होता. आधी अपडेट करून घे, मग काय करायचं ते कर."

तिने मला सेटिंग्जमधल्या सिस्टिम माहितीच्या पानाचा फोटो पाठवला. सॉफ्टवेअरची आवृत्ती ३.६३. खाली विचारलं होतं, "दादा, मामा म्हणतोय अपडेट कर. करू का?"

मी उलट विचारलं, वायफाय चालू आहे का. नव्हतं. मग ते तसंच राहू दे आणि सापडलेलं कोणतंही गेम कार्ड उत्साहाने आत घालू नकोस, एवढं सांगितलं. कारण व्हिटाच्या गेम कार्डांवर त्या खेळाला लागणारं फर्मवेअरही भरलेलं असतं. नवा खेळ घातला की इंटरनेटशिवायसुद्धा "आधी अपडेट करा" असा पडदा येतो, आणि तिथे होकार दिला की गेलं.

अडचण

व्हिटाच्या हॅकिंगच्या इतिहासात ३.६३ हा आकडा दोन स्टेशनांच्या मधे थांबलेल्या लोकलसारखा आहे. मागचं स्टेशन ३.६०. मोलेक्यूल नावाच्या गटाने २९ जुलै २०१६ ला हेनकाकू हे हॅकचं साधन प्रसिद्ध केलं. व्हिटाच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, बटण दाबायचं, यंत्र मोकळं. सोनीने ऑगस्टमध्येच ३.६१ काढून ती वाट बंद केली. मामा तेव्हा रोज खेळत होता आणि आलेलं प्रत्येक अपडेट इमानदारीने घेत होता. ३.६१ घेतलं, पुढे ३.६३ घेतलं, आणि मग खेळणंच थांबलं.

पुढचं स्टेशन ३.६५. 'द फ्लो' या टोपणनावाच्या संशोधकाने जुलै २०१८ मध्ये एच-एन्कोर हे नवं हॅकचं साधन काढलं. ते ३.६५, ३.६७ आणि ३.६८ या आवृत्त्यांवर चालायचं. ३.६३ त्यात नाही. म्हणजे हेनकाकूसाठी यंत्र जास्त नवं आणि एच-एन्कोरसाठी जास्त जुनं.

मग एक पायरी वर जायचं, त्यात काय एवढं? गोम अशी की सोनीचा अपडेट सर्व्हर मधली पायरी देत नाही. तो कायम शेवटची आवृत्ती देतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये शेवटची आवृत्ती होती ३.६९. ती सप्टेंबरात आली होती आणि तिने एच-एन्कोरची भोकं बुजवली होती. ३.६९ साठी तेव्हा जाहीर झालेला एकही हॅक नव्हता, आणि वर गेलेलं फर्मवेअर खाली आणायची सोयही नव्हती. मामाच्या सांगण्याप्रमाणे एक बटण दाबलं असतं तर व्हिटा खेळायला चांगलाच राहिला असता, पण अनुजाच्या कामाचा राहिला नसता.

आकड्यांमागचं गणित

प्रत्येक वेळी आवृत्ती का मोजावी लागते, ते थोडं सविस्तर सांगतो.

व्हिटावरचा हॅक म्हणजे एकच भोक नसतं, भोकांची साखळी असते. एच-एन्कोरचंच घ्या. बिटर स्माइल नावाच्या एका जपानी खेळाचा डेमो आहे. साठवलेला खेळ वाचताना त्या डेमोत एक चूक होते. मुद्दाम बिघडवलेली सेव्ह फाइल देऊन त्या चुकीतून आत शिरायचं. एवढ्याने फक्त त्या खेळापुरता ताबा मिळतो. मग व्हिटाच्या कर्नेलमधली, म्हणजे सगळं यंत्र चालवणाऱ्या गाभ्यातली, दुसरी चूक वापरून संपूर्ण यंत्रावर ताबा मिळवायचा. सोनीला साखळीतली एकच कडी तोडायची असते. ३.६९ मध्ये तेच झालं.

शिवाय चूक जरी दोन आवृत्त्यांत तीच असली तरी कर्नेलमधले पत्ते आवृत्तीगणिक सरकतात. हॅकला नेमक्या पत्त्यावर उडी मारायची असते. चुकीच्या पत्त्यावर मारली तर यंत्र जागच्या जागी कोसळतं. म्हणून हॅक लिहिणारा "अमक्यापासून तमक्यापर्यंत" असं सांगतो तेव्हा ते शब्दशः घ्यायचं असतं. "३.६३ तर ३.६५ च्या जवळच आहे, चालून जाईल" या विचाराला इथे थारा नाही.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. ३.६१ पासून सोनीने नव्या खेळांसाठी कूटबद्धतेच्या किल्ल्या बदलल्या. त्यामुळे ३.६० वर थांबलेल्यांना हॅक सगळ्यात सोपा, पण नंतरचे खेळ त्यांच्या यंत्राला उलगडताच येत नव्हते.

सगळ्या हातातल्या कन्सोलवर आकड्याला इतकं वजन नसतं, हेही खरं. पीएसपीवर, म्हणजे व्हिटाच्या आधीच्या सोनीच्या हातातल्या कन्सोलवर, २००७ मध्ये पँडोरा बॅटरी आली. बॅटरीतला अनुक्रमांक बदलला की पीएसपी दुरुस्तीच्या अवस्थेत उठायचा आणि खास तयार केलेल्या मेमरी स्टिकवरून चालू व्हायचा, मग आत कोणतंही फर्मवेअर असो. पीएसपी-३००० वर ती युक्ती चालेना, तेव्हा लोक पुन्हा आकड्यांकडे वळले. २००९ मध्ये चिकहेन आलं ते ५.०३ साठी, आणि ५.०३ च्या पुढे गेलेले हळहळत बसले. निन्टेन्डो स्विचवर एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झालेली फ्यूझे जेली ही चूक थेट टेग्रा चिपच्या बूट रॉममध्ये (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, कारखान्यातच पक्क्या केलेल्या प्रोग्राममध्ये) होती. विकून झालेल्या यंत्रातली बूट रॉम अपडेटने बदलता येत नाही. म्हणून स्विचवाले फर्मवेअरच्या आधी यंत्राचा अनुक्रमांक विचारतात: २०१८ च्या मध्याच्या आधीचा की नंतरचा? व्हिटावर असं बुडापासूनचं भोक सर्वांच्या हाती नव्हतं. तिथे जे काही होतं ते आवृत्तीच्या आकड्याला बांधलेलं.

पर्याय

३.६३ वरच थांबून वाट पाहायची, हा एक पर्याय. पण ३.६३ वर थांबलेले लोक थोडे, आणि कोणीही संशोधक जुन्या, कमी वापरातल्या आवृत्तीसाठी मुद्दाम कष्ट घेत नाही. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. सरळ ३.६९ वर जाऊन स्टोअर आणि ऑनलाइन खेळांचा आनंद घ्यायचा, हा दुसरा. मामाला तोच पटत होता आणि केवळ खेळायचं असतं तर तोच बरोबर होता. ३.६० वाला वापरलेला व्हिटा विकत घ्यायचा, हा तिसरा. त्या काळात जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत मॉडेल आणि रंगाबरोबर फर्मवेअरही लिहिलेलं असायचं, आणि ३.६० असेल तर भाव चढा असायचा. विद्यार्थिनीच्या खिशाला तो झेपणारा नव्हता.

खरा प्रश्न होता ३.६५ की ३.६८. दोन्हींवर एच-एन्कोर चालत होतं. अनुजाचा कल ३.६८ कडे होता, कारण नवं ते बरं ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते. तिचा युक्तिवाद चुकीचा नव्हता: हॅक दोन्हींवर आहे, तर दोष सुधारलेली नवी आवृत्ती का घेऊ नये?

उत्तर एन्सो नावाच्या दुसऱ्या हॅकमध्ये होतं. एच-एन्कोर टिकाऊ नाही. यंत्र पूर्ण बंद करून चालू केलं की ताबा जातो आणि तो डेमो पुन्हा उघडून सगळी क्रिया नव्याने करावी लागते. एन्सो बूट होतानाच, म्हणजे यंत्र सुरू होतानाच, कामाला लागतं. आतल्या साठवणीची मांडणी वाचताना बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) एक चूक करतो, तिचा फायदा घेऊन ते व्हिटाला दरवेळी मोकळाच उठवतं. मोलेक्यूलने ते २०१७ मध्ये ३.६० साठी काढलं होतं आणि २०१८ मध्ये ते ३.६५ वरही आलं. ३.६७ मध्ये सोनीने बूटलोडरमधली ती चूक दुरुस्त केली. म्हणजे ज्या आवृत्तीवर कायमचा हॅक बसू शकतो अशी सर्वांत वरची आवृत्ती ३.६५.

अनुजासाठी हा केवळ सोयीचा मामला नव्हता. ८ जीबीच्या कार्डावर तिचं भागणार नव्हतं. गेम कार्डाच्या खाचेत बसणारा एसडीटूव्हिटा नावाचा छोटा अडॅप्टर मिळतो, त्यात साधं मायक्रोएसडी घालता येतं. पण व्हिटाने ते मुख्य कार्ड म्हणून ओळखावं यासाठी एक प्लगइन (हॅकमुळेच चालणारा जोड-प्रोग्राम) चालू असावं लागतं. हॅक प्रत्येक बूटला नाहीसा होत असेल तर कार्डही प्रत्येक बूटला नाहीसं. एन्सो असेल तर हा व्याप उरत नाही.

ठरलं ३.६५. तिने कारण वहीत लिहून ठेवलं. मला ते आवडलं, कारण पुढे एका क्षणी ते उपयोगी पडलं.

मामाचं खातं आणि कायदा

यंत्रावर मामाचं प्लेस्टेशन खातं जोडलेलं होतं. अनुजाला आधी सगळं पुसून कोरं करायचं होतं, ते साहजिकच होतं. मी थांबवलं. एच-एन्कोरला यंत्र कोणत्या तरी खात्याशी जोडलेलं लागतं. पुसून टाकलं तर नवं खातं जोडायला साइन-इन करावं लागणार, आणि साइन-इन करायला गेलं की व्हिटा आधी ताजं फर्मवेअर मागणार. म्हणजे साफसफाईच्या नादात पुन्हा ३.६९ च्या दारात.

पण खातं मामाचं होतं, म्हणून त्याला विचारणं भाग होतं. हॅक केलेल्या यंत्रावरून ऑनलाइन गेलं तर खात्यावर बंदी येऊ शकते, आणि त्या खात्यावर त्याने विकत घेतलेले खेळ होते. अनुजाने त्याला हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "खातं राहू दे, पण त्यावरून परत लॉग-इन करू नकोस. आणि माझे सेव्ह जपून ठेव." दोन्ही अटी तिने मान्य केल्या.

कायद्याचा मुद्दाही आम्ही उघड बोललो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्यात हेतूला महत्त्व आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवणं वेगळं आणि चोरीचे खेळ भरणं वेगळं. हॅक झालेल्या व्हिटावर चोरीचे खेळ टाकणं सोपं असतं आणि बहुतेकांची पावलं तिकडेच वळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनुजाचं काम तिच्या शब्दखेळापुरतं होतं, म्हणून मी मदतीला तयार झालो.

प्रत्यक्ष काम

पहिली पायरी ३.६५ वर जाण्याची. अपडेट शोधताना व्हिटा सोनीच्या सर्व्हरकडून एक यादी मागतो: सध्याची आवृत्ती कोणती, फाइल कुठे. ही यादी साध्या एचटीटीपीने मागवली जाते. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस (कोणत्या नावाचा सर्व्हर कुठे आहे हे सांगणारी सेवा) हाताने बदलून हौशी मंडळींच्या सर्व्हरचा पत्ता दिला की व्हिटाला वेगळी यादी मिळते आणि त्या यादीत ३.६५ असतं. फाइल मात्र सोनीनेच सही केलेली खरी ३.६५ ची असते. त्यात कोणी फेरफार केला तर व्हिटा ती घेणारच नाही. म्हणून अनोळखी डीएनएस वापरण्याचा धोका इथे पत्करण्यासारखा होता. यादी खोटी, माल खरा.

अनुजाने घरच्या वायफायवर डीएनएस घातला, बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि सेटिंग्जमधून वायफायने अपडेट शोधायला लावलं. पडद्यावर ओळ आली: आवृत्ती ३.६९ उपलब्ध आहे.

तिने हात मागे घेतला आणि मला फोन केला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. दिवाळीत मामाने आपल्या फोनचा हॉटस्पॉट व्हिटाला जोडून पाहिला होता. ते नेटवर्क यंत्रात साठवलेलं होतं, मामाचा फोन शेजारच्याच खोलीत होता, आणि व्हिटाने घरच्या वायफायऐवजी तो हॉटस्पॉट पकडला होता. तिथे डीएनएस आपोआप घेतला जात होता, म्हणून खरी यादी आली. बटण दाबायचं की नाही हे त्या एका ओळीवर ठरणार होतं. तिने आधीच वहीत ३.६५ लिहून ठेवलं नसतं तर "अपडेट मिळालं" या आनंदात तिने पुढे नेलं असतं, असं ती स्वतःच म्हणाली.

हॉटस्पॉटची नोंद पुसली, पुन्हा शोधलं, या वेळी ३.६५. पुढे नेलं. अपडेट झाल्यावर तिने पुन्हा सिस्टिम माहितीचं पान उघडून आकडा पाहिला आणि मगच वायफाय बंद केलं.

मग एच-एन्कोर. डेमो आणि बिघडवलेली सेव्ह फाइल लॅपटॉपवर तयार करायची, मामाच्या खात्याच्या ओळख-क्रमांकातून निघणाऱ्या किल्लीने ती बांधायची आणि क्यूसीएमए या प्रोग्रामने व्हिटावर पाठवायची. इथे एक अडथळा ठरलेला असतो. संगणकाशी जोडल्यावर व्हिटा "आधी सॉफ्टवेअर अपडेट करा" म्हणून अडून बसतो. क्यूसीएमएच्या सेटिंगमध्ये अपडेटसाठी ०.०० ही आवृत्ती निवडली की व्हिटाला वाटतं आपणच सगळ्यात ताजे, आणि तो गप्प बसतो. पहिल्या खेपेला एच-एन्कोर उघडताना अडकलं. पुन्हा उघडल्यावर चाललं आणि त्याच्या यादीतून व्हिटाशेल हा फाइल व्यवस्थापक उतरवून घेतला.

एन्सो लगेच बसवायचा की नाही, यावर आमचं थोडं वाजलं. तिला त्याच संध्याकाळी संपवायचं होतं. एच-एन्कोर बिघडलं तर यंत्र बंद-चालू केल्यावर जैसे थे होतं. एन्सो मात्र बूट होण्याच्या जागेवर लिहितो, आणि तिथे अर्धवट लिहिलं गेलं तर यंत्राची वीट होते, म्हणजे ते कायमचं निकामी होतं. दोन वर्षं खणात पडलेल्या बॅटरीवर माझा भरवसा नव्हता. म्हणून आधी काही दिवस नुसत्या एच-एन्कोरवर वापरायचं, बॅटरी अचानक मान टाकत नाही ना ते पाहायचं, मामाचे सेव्ह व्हिटाशेलने लॅपटॉपवर उतरवायचे, आणि मग एन्सो, असं ठरलं. बॅटरी ठणठणीत निघाली. एन्सो बसवताना व्हिटा चार्जरला लावलेला होता आणि एकही जादा प्लगइन चालू नव्हतं.

एक गमतीचा तपशील. जपानी यंत्रावर होकार गोल बटणाने आणि नकार फुलीने. अनुजाला प्लेस्टेशनची सवय इथली, म्हणजे नेमकी उलट. व्हिटाशेलही यंत्राचाच नियम पाळतो. फाइल पुसायची का, या प्रश्नावर "नाही" म्हणायला गोल दाबण्याची तिची सवय मोडेपर्यंत मी तिला महत्त्वाच्या फोल्डरांच्या जवळ फिरकू दिलं नाही.

निष्पत्ती

यंत्र ३.६५ वर, एन्सोसह उठायला लागलं. मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये बसलं. गेम कार्डाची खाच त्यात गुंतली, पण तिला कार्डावरचे खेळ खेळायचे नव्हतेच.

शब्दखेळ पहिल्यांदा उघडला तेव्हा यंत्राने काम चोख केलं आणि मराठीने दगा दिला. वापरलेलं चित्रण ग्रंथालय (पडद्यावर रेखाटणाऱ्या तयार कोडचा संच) एकेक अक्षर सुटं रेखाटत होतं. "किल्ला" लिहिलं की पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ल्ल च्या जागी पाय मोडलेला ल आणि शेजारी सुटा ल दिसायचा. हार्फबझ हे अक्षरजुळणीचं ग्रंथालय व्हिटासाठी कंपाइल करून जोडल्यावर जोडाक्षरं ठिकाणावर आली. तिच्या दृष्टीने या सगळ्या उद्योगातलं खरं शिक्षण इथे झालं. फर्मवेअरची कसरत फक्त इथपर्यंत पोहोचण्यापुरती होती.

तिच्याच वर्गातल्या एकाकडेही व्हिटा होता. त्याने सप्टेंबरात आलेलं ३.६९ सवयीने घेतलं होतं. तिचा खेळ चालताना पाहून त्यालाही करायचं होतं, पण करण्यासारखं काहीच नव्हतं. त्याला मे २०१९ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा ट्रिनिटी आलं, द फ्लोनेच काढलेलं, ३.६९ आणि ३.७० साठी, व्हिटातल्या पीएसपी एम्युलेटरमधून (पीएसपीचे खेळ चालवणाऱ्या भागातून) आत शिरणारं. त्याच वर्षी मोदोरू नावाचं साधनही वापरात आलं. हॅक केलेल्या व्हिटाचं फर्मवेअर ते खाली आणू शकतं. त्याने ट्रिनिटी केलं, मोदोरूने ३.६५ वर उतरला आणि एन्सो बसवला. शेवटी दोघांची यंत्रं एकाच जागी आली.

वेगळं काय करता आलं असतं

या दुसऱ्या यंत्रामुळे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. ३.६९ वर गेलेलाही अखेर सुटला, तर एवढी धडपड कशाला? २०१९ नंतरच्या माहितीवरून पाहिलं तर ३.६९ ही काही महिन्यांची कैद ठरली. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये ती कैद किती लांबेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. परत फिरता न येणाऱ्या पावलाची किंमत तेव्हाच्या माहितीवर ठरते. आजही मी ३.६५ चाच सल्ला दिला असता.

३.६८ बद्दल मात्र मी थोडा कमी ताठर झालो असतो. मोदोरू आल्यावर ३.६८ वरूनही खाली येता आलं. अनुजाला नुसता प्रोग्राम चालवून पाहायचा असता आणि मायक्रोएसडीची गरज नसती, तर ३.६८ ने फारसं अडलं नसतं.

हॉटस्पॉटचा प्रसंग टाळता आला असता. डीएनएस बदलण्याआधी यंत्रात साठवलेली सगळी नेटवर्कं पुसणं ही पहिली पायरी असायला हवी होती. त्याहून चांगलं म्हणजे मामाने टोकियोहून निघण्यापूर्वीच आवृत्तीचा फोटो पाठवला असता आणि व्हिटा कोणत्याच नेटवर्कला जोडला नसता, तर हा धोका उद्भवलाच नसता. पण मामाला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि भाचीला अचानक भेट देण्यातली मजा त्याला हवी होती.

मामाच्या विकत घेतलेल्या खेळांचं नीट जमलं नाही. जे आधीच कार्डावर होते तेवढे राहिले. बाकीचे उतरवायला साइन-इन हवं, आणि ते न करण्याचा शब्द दिलेला. मार्च २०२१ मध्ये सोनीने व्हिटाचं स्टोअर त्या ऑगस्टमध्ये बंद करणार असं जाहीर केलं, तेव्हा मामा-भाची दोघंही अस्वस्थ झाली. एप्रिलमध्ये सोनीने तो निर्णय मागे घेतला. तरी खेळ या यंत्रावर येण्याचा मार्ग उघडला नाही.

२०२२ मध्ये मामाने टोकियोतल्या अकिहाबारा भागातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून दुसरा व्हिटा आणला. दुकानदाराने चिठ्ठीवर रंग, ओरखडे, चार्जर सगळं लिहिलं होतं, फर्मवेअर सोडून. आत ३.७३ निघालं. एव्हाना एच-एन्कोरची दुसरी आवृत्ती ३.७३ वर चालत होती आणि आकड्यावरून भाव चढण्याचे दिवस मागे पडले होते. मामाने स्वतः साइन-इन करून आपले खेळ त्यावर उतरवून घेतले, आणि ते यंत्र जसंच्या तसं ठेवायचं असं त्या दोघांचं ठरलं. ते पुढे कधी हॅक करायचं झालंच, तर कारखान्यातून निघताना त्यात कोणतं फर्मवेअर होतं हे अनुजा आधी तपासणार आहे, कारण मोदोरू त्याच्या खाली जाऊ देत नाही.